पाठीवरचे अकरा सेकंद

शुभांगीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. डोक्याला बॅटरी बांधून ती आणि तिची आई गोजराबाई वाफ्यात उकिडव्या बसायच्या आणि सांबार कापायच्या. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. जुडी मुठीत मावेल एवढीच बांधायची आणि मुळाची माती झटकायची, कारण कारंज्याच्या भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू झाला की माती दिसलेली जुडी सरळ बाजूला पडते. साडेपाचला बाप पंजाबराव कॅरेट मोटारसायकलला बांधून निघायचा. मग शुभांगी म्हशीचं आटोपायची, अंघोळ करायची आणि नऊला लॅपटॉप उघडायची.

ती घरून ज्या कंपनीचं काम करायची, तिथले बाकीचे दहाला उठायचे. साडेदहाच्या मीटिंगला तोंड न धुता, कॅमेरा बंद करून बसायचे. हे तिने मला सांगितलं नाही. ती कोणाचं वाईट सांगणारी नाही. पंजाबरावाच्या अंगणात बाजेवर बसलो असताना मी स्वतः ऐकलं. मीटिंगमधल्या एकाने दिलेली जांभई लॅपटॉपमधून अंगणापर्यंत आली.

मी जानराव, मूळचा धनजचा. कारंज्याजवळच्या एका खासगी धान्य-यार्डात एकतीस वर्षं हमाली केली. यार्डाचं नाव लिहीत नाही. पंजाबरावाची भाजीची वाडी यार्डाच्या मागच्या रस्त्यावर आहे, म्हणून ओळख.

हमाली काय असते ते आधी सांगतो. ज्याने कट्टा उचलला नाही त्याला पुढचं कळणार नाही. कट्टा म्हणजे साठ किलोचं पोतं. ट्रॉलीतून दोघं जण तो हमालाच्या पाठीवर देतात. पाठीवर आलेला कट्टा थेट वजनाच्या काट्यावर उतरतो, मध्ये जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला तर तो पुन्हा पाठीवर द्यायला दोन माणसं अडकतात आणि सगळ्यांचं काम थांबतं. म्हणून ज्याने टेकवला त्याला कोणी हात देत नाही. त्याचा त्याने उचलावा. हे कुठे लिहिलेलं नाही. मी लागलो तेव्हाही असंच होतं.

एक कट्टा काट्यावर असतो, त्याच्या मागे दुसरा हमाल कट्टा पाठीवर घेऊन उभा असतो. मापारी वजन ओरडतो, वहीत लिहितो, काटा मोकळा होतो. दोन सेकंद, फार तर तीन. यार्डात असे सहा काटे. सोयाबीनच्या हंगामात एका हमालाच्या पाठीवरून दिवसाला दोनशे कट्टे जातात.

यार्डाचे मालक फुलचंद शेठ यांनी एका वर्षी ठरवलं की वही बंद, नोंद मोबाईलवर. त्यासाठी पुण्याची एक कंपनी धरली. कंपनीने माणूस पाठवला, गोपाल. हा गोपाल रिसोड तालुक्यातल्या केनवडचा. बाप शेतकरी, अजून वखर धरतो. पण गोपाल नऊ वर्षं पुण्यात राहून आला होता आणि ‘करून राह्यलो’ असले वऱ्हाडी शब्द चुकून तोंडातून जाऊ नयेत म्हणून फार जपून बोलायचा.

त्याने हमाल, मापारी, आडते अशा पस्तीस जणांना शेठच्या थंड ऑफिसात बसवलं. आलुबोंडे आणि चहा मागवला. मग भिंतीवर चित्रं दाखवली आणि विचारलं, “तर मंडळी, सिस्टिम कशी हवी तुम्हाला?”

“चांगली पाहिजे,” ग्यानबा म्हणाला. ग्यानबा आमच्यातला सगळ्यात धिप्पाड हमाल, आणि सगळ्यात आधी बोलणारा.

“फास्ट हवी?”

“फास्ट पाहिजे.”

“सेफ?”

“सेफ तं पाहिजेच.”

“वापरायला सोपी?”

“सोपीच बरी बाप्पा. कठीण घेऊन काय करता?”

गोपालने हे सगळं लिहून घेतलं. चांगली, फास्ट, सेफ, सोपी. एवढं लिहायला माणूस पुण्याहून यावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. बैल घ्यायला गेलेला माणूस यापेक्षा जास्त विचारतो.

मग त्याने एकच आकड्याचा प्रश्न विचारला. “एका नोंदीला आठ-दहा सेकंद लागले तर चालतील?”

आलुबोंडे गरम होते. “चालते,” कोणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले, “चालते नं साहेब.” मीही म्हणालो. एक कागद फिरला, त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. वाचून केली, हे आणखी वाईट.

आमच्या भागात बाहेरच्या माणसाने काहीही विचारलं तर तोंडातून पहिला शब्द हाच येतो. चहा थंड झाला, चालते. बसायला जागा नाही, चालते. त्यात होकार नसतो. तू पाहुणा आहेस, तुला कशाला त्रास, एवढाच त्याचा अर्थ. केनवडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गोपालला ते माहीत होतं. तरी त्याने ते होकार म्हणून कागदावर घेतलं, कारण होकार मिळाला की पुढे विचारावं लागत नाही.

उरलेलं विचारण्याचं काम त्याने शुभांगीवर टाकलं. ती कारंज्यालाच कॉम्प्युटर शिकली होती आणि कंपनीने तिला घरून कामाला घेतलं होतं, पुण्यातल्या पोरांच्या निम्म्या पगारावर. सहा महिने ट्रायल. शेवटी गोपालने चांगला शेरा दिला तर कायम, नाही तर नोकरी गेली. नोकरी गेली तर पुण्याला जाऊन दुसरी शोधायची, कारण तिच्या कामाचं जिल्ह्यात दुसरं काही नव्हतं. भाऊ मुकेश आधीच नाशिकला कारखान्यात होता. तीही गेली तर पहाटे चारला वाफ्यात गोजराबाई एकटी. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण पंजाबरावाने कॅलेंडरवर सहावा महिना पेनने गोल केला होता.

ती पहिल्यांदा यार्डात आली तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही. खांद्याला बॅग, पायात चप्पल. ऑफिसात गेली नाही, तीन नंबरच्या काट्याजवळ रिकामं कॅरेट उलटं करून बसली. पहिला तासभर काहीच विचारलं नाही, नुसतं पाहिलं. मला वाटलं, ही पण फुकट पगार खाणारी.

मग तिने ग्यानबाला हाक मारली. “ग्यानबा काका, तुमाले काय पाहिजे ते नका सांगू. काल इथी काय झालं ते सांगा.”

“काल? काल काईच नाई झालं.”

“मंग सगळ्यात खराब दिवस सांगा.”

आता ग्यानबा खुलला. खराब दिवस सांगायला कोणाला आवडत नाही? गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचा सोमवार. यार्ड भरलेलं. तीन नंबरचा मापारी प्रसेनजित याच्या पेनातली शाई संपली. प्रसेनजित नीट काम करणारा माणूस, पण पेन एकच. दुसरा पेन येईपर्यंत ग्यानबा कट्टा घेऊन उभा.

“किती वेळ उभे होते?” शुभांगीने विचारलं.

“लय येळ.”

“लय म्हंजे?”

“लय म्हंजे लय. आता लय कसं समजाऊन सांगू तुले, बाई?”

“सांगू नका. उभे राहून दाखवा.”

ग्यानबा हसला, कट्टा घ्यायला निघाला. तिने थांबवलं. “आता नाई. चार वाजता. तुमचे दीडशे कट्टे होऊ द्या, मंग.”

इथे मी मान वर केली. सकाळच्या ताज्या पाठीवर मोजलं असतं तर आकडा खोटा आला असता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चारला तिने नऊ हमालांना एकेक करून कट्टा घेऊन उभं केलं आणि घड्याळ लावलं. मांडीला पहिली थरथर येईल तेव्हा सांगायचं. तरण्यांची थरथर सातला आली, ग्यानबाची सहाला, माझी पाचला. मी अठ्ठावन्नचा होतो, ते माझं शेवटचं वर्ष. तिने माझाच आकडा धरला आणि त्यातूनही एक कमी केला. चार.

“सगळ्यात कमी आकडा काहून धरला?” ग्यानबाने विचारलं. “माहे सहा धर की.”

“तुमचे सहा धरले तर जानराव काका रोज पडतीन,” ती म्हणाली.

मग तिने एका कार्डावर तीन ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या.

समजा, हंगामाचा भर दिवस आहे, सहाही काटे चालू आहेत, आणि मागच्या हमालाच्या पाठीवर साठ किलोचा कट्टा आहे.

जेव्हा मापारी नोंदीचं बटण दाबतो,

तेव्हा चार सेकंदांच्या आत काटा मोकळा झाला पाहिजे, शंभरातल्या पंचाण्णव वेळा.

“आन् उरलेले पाच?” मी विचारलं. “ते पाच कोणाच्या पाठीवर?”

ती थांबली. म्हणाली, “खरं आहे काका.” खाली चौथी ओळ लिहिली. आणि उरलेल्या पाच वेळांत सहा सेकंदांच्या वर एकदाही नाही.

कंपनीत या गोष्टीला नॉन-फंक्शनल म्हणतात, असं तिने सांगितलं. सॉफ्टवेअर काय करतं, ते एक. वजन लिहितं, पावती देतं. आणि ते काम ते कसं करतं, हे दुसरं. किती वेळात, किती जणांना एकदम, उन्हात दिसतं का, लाईट गेली तर काय. हे दुसरं म्हणजे नॉन-फंक्शनल. नावातच सांगून टाकलं आहे की याकडे कोणी पाहायचं नाही. ज्याने हे नाव ठेवलं त्याच्या पाठीवर आयुष्यात काही नव्हतं.

गोपालचे लोक ते चार शब्दांत उरकायचे, फास्ट, सेफ वगैरे. शुभांगीची पद्धत वेगळी. समजा, जेव्हा, तेव्हा. या तीन ओळींत बसत नाही ते लिहायचंच नाही. ‘फास्ट’ त्यात बसत नाही. कधी फास्ट, कोणासाठी, किती, ते सांगावंच लागतं. कार्ड लिहिलं की ती आम्हालाच वाचून दाखवायची आणि आम्ही चुका काढायचो. पंधरा दिवस ती रोज आली. पहाटेचा सांबार सुटला नाही, हे मी गोजराबाईकडून खात्री करून घेतलं.

दुपारी दोनच्या उन्हात, काचेवर भुसा बसलेला असताना, ट्रॉलीपलीकडे उभ्या शेतकऱ्याला आकडा वाचता आला पाहिजे. हे कार्ड प्रसेनजितने सांगितलं. सांगताना त्याने तिचा मोबाईल भुश्यात बुडवून काढला. तिने तो बोटाने पुसला आणि लिहून घेतलं. दुसरं कार्ड लाईटचं. लाईट आणि नेट दोन्ही गेलं तर नोंद फोनात थांबली पाहिजे, आणि परत आल्यावर एकदाच गेली पाहिजे, दोनदा नाही. अशी एकवीस कार्डं झाली.

आणखी एक गोष्ट होती, ती मला आधी पटली नाही. तीच कार्डं ती मशीनला वाचायला द्यायची. लॅपटॉपवर सहा खोटे काटे उभे करायची, सहाही एकदम बटण दाबायचे, आणि मशीन प्रत्येक कार्ड तपासून हिरवं किंवा लाल दाखवायची. मी म्हटलं, खोट्या काट्यावर काय कळणार? तिने लॅपटॉप फिरवून दाखवला. एकोणीस कार्डं हिरवी. उन्हाचं कार्ड मशीनला तपासता येत नाही, ते कोरं. आणि पहिलं कार्ड लाल. चार सेकंदांच्या जागी अकरा.

“गोपालच्या मोबाईलवर तं दोन सेकंदात होते,” प्रसेनजित म्हणाला. “मी पाह्यलं.”

“तो एकटाच दाबते नं दादा,” शुभांगी म्हणाली. “ऑफिसात बसून. सहा जणं दाबले की रांग लागते आत.”

अकरा सेकंद म्हणजे किती, ते मी तेव्हाच हिशोब करून पाहिलं. दिवसाला दोनशे कट्टे, प्रत्येकाला अकरा सेकंद. छत्तीस मिनिटं चाळीस सेकंद. एवढा वेळ माणसाने साठ किलो पाठीवर घेऊन नुसतं उभं राहायचं. जाणं नाही, येणं नाही, उभं. हे काम कोणाच्याही मजुरीत धरलेलं नाही.

दोन दिवसांनी गोपाल आला. यार्डात सिस्टिमची ट्रायल व्हायला आठवडा राहिला होता आणि शुभांगीच्या सहा महिन्यांना नऊ दिवस. काट्याजवळच्या चहाच्या टपरीवर तो तिला घेऊन बसला. मी बाजूच्या बाकावर होतो. हमाल बाजूला बसला असला की असले लोक त्याला खांब समजतात.

“शुभांगी, मॅनेजमेंटला सगळं ग्रीन हवंय,” तो म्हणाला. “एकच तर रेड आहे.”

“एकच आहे, पण तेच मेन आहे सर.”

“अगं, तो आकडा तूच टाकलायस ना? चार. चारच्या जागी बारा टाक. ग्रीन होईल.”

“कार्ड ग्रीन होईन सर. काटा नाई होणार.”

गोपालने बॅगेतून कागद काढला. आमचाच, सह्यांचा. “हे बघ. आठ-दहा सेकंद चालतील असं पस्तीस जणांनी लिहून दिलंय. दहा काय आणि बारा काय. लोकांचं म्हणणं असताना तू आपल्या मनाने चार कुठून आणलेस?”

तिने कागद घेतला आणि खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. “काका, ही सही तुमची?”

“माही.”

“काहून केली?”

“साहेब चहा पाजून राह्यले होते,” मी म्हणालो.

तिने कागद घडी करून गोपालला परत दिला. “मी बारा नाई लिहिणार सर.”

आता गोपालची नऊ वर्षांची भाषा गेली. “तू काय समजून राह्यली स्वतःले? शेरा माह्या हातात हाय, माहीत हाय नं? एका आकड्यापायी नोकरी घालवतं का?”

“ट्रायलच्या दिवशी सहा काटे एकदम लावा सर. चारच्या आत झालं तर मी स्वतः माफी मागतो.” आमच्याकडे बाया-पोरीही करतो, जातो म्हणतात.

गोपाल उठून गेला. चहाचे पैसे तिने दिले.

घरी तिने काही सांगितलं नाही. मी पंजाबरावाला सांगितलं, कारण बापाला माहीत असावं. तो ऐकून घेत भेंडीला पाणी देत राहिला. मग म्हणाला, “चार बरोबर हाय का?”

“बरोबर हाय.”

“मंग जाऊ दे.”

ट्रायलच्या दिवशी फुलचंद शेठ, चार आडते, दोन मोठे शेतकरी, सगळे आले. हंगाम सुरू झाला होता, ट्रॉल्या गेटापर्यंत उभ्या. गोपालने एक नंबरचा काटा घेतला, स्वतः बटण दाबलं, दोन सेकंदात हिरवा टिक आला. टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या. ज्यांची पाठ जाणार होती ते टाळ्या वाजवत होते. अशा लोकांचं काय करायचं?

शुभांगी मागे उभी होती. ती पुढे आली. “शेठजी, सहाही काटे एकदम लावून पाहायचे का?”

“आता त्याची गरज नाहीये,” गोपाल म्हणाला. “झालंय टेस्टिंग.”

शेठ धंद्याचे माणूस. त्यांनी गेटाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. “एकच काटा चालवून माही ट्रॉली सुटत नाई, गोपालराव. लावा साही.”

सहा मापारी बसले. सहा कट्टे काट्यांवर, सहा हमाल मागे पाठीवर कट्टे घेऊन उभे. तीन नंबरला मी होतो. तेवढ्यात मला सुचलं. मी म्हटलं, “साहेब, माही जागा तुमी घेता का? तुमाले नीट अंदाज येईन.”

लोक हसले. मला वाटलं होतं गोपाल कंबरदुखी सांगेल. त्याने बाह्या दुमडल्या. केनवडचा होता शेवटी. “द्या,” म्हणाला. ग्यानबाने आणि मी माझ्या पाठीवरचा कट्टा त्याच्या पाठीवर दिला. नीट दिला, वाकडा नाही. त्याला पाडायचं नव्हतं, मोजायचं होतं.

सहाही मापाऱ्यांनी एकदम बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरू लागलं. हमालांनी आपली जुनी मोजणी धरली. आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. “लाभ... दोन... तीन... चार...” आठला गोपालच्या मानेची शीर वर आली. अकराला टिक आला. त्याने कट्टा काट्यावर टाकला, तोंड पुसलं आणि हसून म्हणाला, “होतंय की. अकरा सेकंद कोणीही उभं राहील.”

आडते माना डोलवायला लागले. मलाही क्षणभर वाटलं, गेलं. कारण तो खरं बोलत होता. अकरा सेकंद कोणीही उभं राहतं. एकदा.

“दुसरा कट्टा द्या सरांना,” शुभांगी म्हणाली.

गोपालने तिच्याकडे पाहिलं, मग शेठकडे. दुसरा दिला. अकरा. तिसऱ्याला बारा लागले. चौथ्याला त्याचे गुडघे एकमेकांकडे वळले, पण निघाला. पाचव्याला मोजणी नऊवर आली आणि त्याने कट्टा जमिनीवर टेकवला.

मोजणी थांबली. गोपाल वाकून उभा राहिला, धापा टाकत. मग कट्ट्याचे कान धरून वर पाहिलं, हात मिळेल म्हणून. ग्यानबा हाताची घडी घालून उभा राहिला. मीही. बाकीचेही. कोणी हललं नाही. तीन नंबरचा काटा रिकामा, मापारी बसलेला, मागे रांग. गोपालने एकट्याने उचलून पाहिला, गुडघ्यापर्यंत आला, पुन्हा खाली गेला. हे काही क्रूरपणाने केलं नाही. कोणासाठीही असंच केलं असतं.

“आज चारच झाले साहेब,” ग्यानबा म्हणाला. “एकशेशहाण्णव बाकी हायेत.”

शेठ तोवर पडद्याकडे पाहतच नव्हते. ते गेटाकडे पाहत होते. पाच कट्ट्यांत रांग दोन ट्रॉल्यांनी वाढली होती आणि एक शेतकरी ट्रॅक्टर वळवून दुसऱ्या बाजाराकडे निघाला होता. हमालाच्या पाठीचं शेठना किती वाटलं ते मला माहीत नाही. वळलेल्या ट्रॅक्टरचं वाटलं. “पोरी, तुह्या कार्डात किती हाय?” त्यांनी विचारलं.

“चार, शेठजी.”

“चार होईपर्यंत वही चालू राहीन,” शेठ म्हणाले आणि ऑफिसात गेले.

पुण्याच्या लोकांना दुरुस्तीला तीन आठवडे लागले. दुरुस्ती काही मोठी नव्हती, असं शुभांगी म्हणाली. नोंद आधी फोनातच पक्की करायची, काटा तिथेच सोडायचा, आणि पुढे पाठवायचं काम मागून होऊ द्यायचं. हे आधी का केलं नाही? कोणी विचारलं नव्हतं. शेवटी सहा काट्यांवर भर बाजारात तीन सेकंद लागले, आणि शंभरात एखादवेळी पाच. मी स्वतः कट्टा घेऊन मोजलं, दुपारी चारला.

तिची एकवीस कार्डं गोपालने पुण्यात दाखवली, स्वतःच्या नावाने. कंपनीने त्याला वर चढवलं. दुसऱ्या गावांच्या यार्डांतही आता तीच कार्डं वापरतात, असं ऐकतो. शुभांगीला शेऱ्यात लिहून आलं, काम चांगलं, पण सहकार्याची वृत्ती कमी. ट्रायल तीन महिन्यांनी वाढवली. नोकरी काढून घेतली नाही, कारण शेठने कंपनीला कळवलं होतं की ती पोरगी नसेल तर पुढचं काम नको. नाहीतर काढलीच असती.

“तुले राग नाई येत का?” मी तिला विचारलं. मला येत होता.

“येते नं काका. पण कागदावर त्याचं नाव हाय म्हणून तुमचे तीन सेकंद चार नाई होत.”

मला हे पटलं नाही. ज्याचं काम त्याचं नाव पाहिजे. म्हणून हे लिहिलं.

तीन महिने तिने तसंच काम केलं. चारला वाफा, नऊला लॅपटॉप. जानेवारीत कायम झाल्याचं पत्र आलं. पगार वाढला, पुण्यातल्या जांभई देणाऱ्याएवढा अजूनही नाही. त्यातून तिने कपडे घेतले नाहीत, गाडी घेतली नाही. दीड वर्ष पैसे साठवले.

पंजाबरावाच्या दोन एकरांत रोही आणि रानडुकरं घुसायची. रोही म्हणजे नीलगाय. टमाट्याला फळ धरलं की पंजाबराव वाडीतच मुक्कामाला जायचा, वर्षाचे पाच महिने. शुभांगीच्या पगारातून चारी बाजूंनी सहा फुटी जाळीचं कुंपण झालं, दर दहा फुटांवर सिमेंटचा खांब. ठेकेदाराने खड्डे दीड फूट सांगून सव्वा फूटच खणले होते. मी काठी घालून मोजले आणि एकशे अठरा खड्डे पुन्हा खणायला लावले. त्या वर्षी टमाट्याला फळ धरलं तरी पंजाबराव रात्री घरीच झोपला.